जवळचा मार्ग

प्रवासभत्त्याची बिले तपासण्याचे काम कोणी हौसेने मागून घेत नाही; ते वाट्याला येते. माझ्या वाट्याला ते आले आणि त्याबरोबर मूलभूत व पूरक नियमांचे ते जाड, कोपरे दुमडलेले पुस्तकही आले. वाचकांपैकी बहुतेकांची या पुस्तकाशी कधी ना कधी, बहुधा बिलाला कात्री लागली त्या प्रसंगी, ओळख झालेली असेलच. त्यातील ३० क्रमांकाचा पूरक नियम असे सांगतो की, दोन ठिकाणांमधील प्रवास हा उपलब्ध मार्गांपैकी सर्वांत जवळच्या मार्गाने झाला असे समजावे. एवढ्यावर कोणीही कारकून नकाशा आणि फूटपट्टी काढून बसला असता. परंतु नियम तेथे थांबत नाही. सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ज्या मार्गाने प्रवासी नेहमीच्या साधनांनी आपल्या मुक्कामी सर्वांत लवकर पोचू शकेल तो, अशी व्याख्या पुढच्याच पोटनियमात आहे. मैल मोजावयास बसलेल्या माणसाच्या हाती नियमकर्त्याने घड्याळ दिले!

हे नियम १९२२ सालापासून अमलात आले. त्यावेळी नियमकर्त्यांच्या डोळ्यांपुढे आगगाडी, आगबोट आणि फार तर टांगा असणार. विमानाचा सरकारी प्रवासाशी तेव्हा संबंध नव्हता. तरीही ही व्याख्या एका विमानसेवेला जितकी चपखल लागू पडते तितकी अन्य कशालाही पडत नसेल. ती सेवा टपालाची होती, ती रात्री चाले, आणि तिचे केंद्र आपल्या नागपुरास होते. दिल्लीहून मुंबईस जाणारे पत्र चारशे किलोमीटरांचा वळसा घेऊन जाई आणि त्यामुळेच ते सर्वांत लवकर पोचे. हा चमत्कार कसा घडला आणि पुढे त्याचे काय झाले, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम अंतराचा हिशेब पाहू. दोन विमानतळांमधील अंतर मोजण्याची उत्तम रीत म्हणजे पृथ्वीचा गोल घेऊन त्या दोन बिंदूंवर दोरा ताणून धरणे. दोरा ज्या रेषेने जाईल तो सर्वांत थोडक्यातला मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही रेषा पुष्कळदा वाकडी दिसते. दिल्लीहून सान फ्रान्सिस्कोस ताणलेला दोरा पॅसिफिक महासागरावरून न जाता सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या आसपास जातो, हे प्रथम पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. भारताच्या पोटातल्या अंतरांत हा फरक नगण्य असतो. तेथे नकाशा आणि गोल जवळजवळ एकच साक्ष देतात.

या दोऱ्याने दिल्लीचा पालम व मुंबईचा सांताक्रूझ यांतील अंतर सुमारे १,१४० किलोमीटर भरते. रेल्वेने तेच अंतर १,३८४ किलोमीटर आहे. दिल्ली ते मद्रास सुमारे १,७५५ आणि मुंबई ते कलकत्ता सुमारे १,६६५. आता या चार शहरांचा चौकोन डोळ्यांपुढे आणावा आणि त्याचे दोन कर्ण काढावेत. ते परस्परांना जेथे छेदतात तेथून नागपूर हाकेच्या अंतरावर आहे. दिल्ली-नागपूर सुमारे ८५२ किलोमीटर, नागपूर-मद्रास सुमारे ९०५. बेरीज केली तर थेट अंतरापेक्षा दोनतीन किलोमीटर अधिक. मुंबई-नागपूर सुमारे ६८५ आणि नागपूर-कलकत्ता सुमारे ९८५. येथेही थेट अंतराशी तुलना करता वाढ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. म्हणजे मद्रासला जाणाऱ्या दिल्लीकराने किंवा कलकत्त्यास जाणाऱ्या मुंबईकराने नागपुरास पाय टेकला तर त्याचे अंतर जवळपास वाढत नाही.

नागपूर हे भारताचे केंद्र असल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्याची खूण म्हणून झीरो मैलाचा दगड दाखवला जातो. तो दगड १९०७ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामासाठी बसवलेला आहे. त्यावरून देशाचा मध्य सिद्ध करण्याचा खटाटोप मला तरी पटत नाही. देशाचा आकार वेडावाकडा, आणि फाळणीनंतर तो आणखी बदलला. मात्र चार महानगरांच्या कर्णांचा छेद ही दोऱ्याने तपासता येणारी गोष्ट आहे. नागपूरचा अभिमान बाळगणाऱ्यांनी दगडापेक्षा या छेदावर भिस्त ठेवावी.

अंतराचा प्रश्न असा सोपा आहे; काळाचा तसा नाही. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा भेलसा येथे होते, म्हणजे सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरांवर. सावकाराच्या ज्या सांकेतिक पत्राने त्यांना पराभवाची वार्ता कळली ते २४ जानेवारीस त्यांच्या हाती पडले. दहा दिवस. या दहा दिवसांत पेशवा उत्तरेकडे मदतीसाठी निघालेला होता आणि ज्यांच्या मदतीस निघाला ते उरलेले नव्हते. मराठी मनात पानिपतची जी अनेक शल्ये आहेत त्यांत हे एक फारसे बोलले जात नाही.

आगगाडीने हा काळ आटवला. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल मुंबईहून दिल्लीस साधारण एका अहोरात्रात जाई, आणि त्या काळी हा केवढा पराक्रम मानला जाई! आगगाडीचा एक गुण मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही : ती रात्री थांबत नाही. उतारू झोपतो आणि गाडी चालते.

विमानाची गोष्ट आरंभी याच्या अगदी उलट होती. विमानाने टपाल नेण्याचा जगातला पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच देशात, १८ फेब्रुवारी १९११ रोजी झाला. अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुना ओलांडली आणि तो नैनीस उतरला. अंतर सुमारे दहा किलोमीटर, वेळ तेरा मिनिटांच्या आसपास. हे झाले कौतुकाचे उड्डाण. नियमित सेवा यावयास अठरा वर्षे लागली. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची टपालसेवा सुरू झाली. क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तेथून जेनोआपर्यंत आगगाडी, तेथून समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया आणि पुढे पुन्हा जमिनीवरच्या विमानाने बगदाद, बसरा, जास्क करीत कराची. लंडन-कराची दोरा ताणला तर सुमारे ६,३०० किलोमीटर. ही वाट सुमारे ८,०००. लागत सात दिवस. या सात दिवसांतले प्रत्यक्ष उडण्याचे तास मोजले तर ते त्या मानाने थोडे भरतात. उरलेला काळ विमाने बदलण्यात, पेट्रोल भरण्यात आणि मुख्यतः निजण्यात जाई. अंधार पडला की वैमानिक विमान उतरवी. उतारू विश्रांतिगृहात जेवून झोपत आणि पहाटे पुन्हा निघत.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस आणलेल्या पस मॉथ विमानाची कथा सर्वांना ठाऊक आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून ते दुपारी दोनच्या आत जुहूच्या मैदानावर उतरले. टपालाचे वजन होते अवघे २५ किलो. त्यापुढची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. मुंबईहून मद्रासकडे टपाल घेऊन त्यांचा सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट निघाला आणि बेल्लारीस रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचला. मार्गावर रात्री उतरण्याची सोय नव्हती, दिशा दाखवणारा रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, मग ही सेवा तेवढ्यापुरती पुण्याच्या येरवड्यास हलवावी लागे. वेगात विमान आगगाडीला केव्हाच मागे टाकीत होते, पण रात्र पडली की कासव पुढे जाई आणि ससा बेल्लारीस झोपे.

पत्र केव्हा लिहिले जाते, याचा विचार केला म्हणजे या झोपेची किंमत कळते. कचेरीतले आणि पेढीवरले पत्र दिवसभरात तयार होते आणि संध्याकाळी पेटीत पडते. घरगुती पत्रही बहुधा दुपारची निजानीज झाल्यावर लिहिले जाते. दिवसा उडणाऱ्या विमानाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार, आणि विमान पोचून पत्र शहरातल्या टपालकचेरीत येईतो वाटपाची वेळ टळून गेलेली. म्हणजे चार तासांच्या उड्डाणासाठी पत्राची दोन रात्री आणि एक दिवस खर्ची पडे. विमान ताशी शंभर किलोमीटरांनी अधिक वेगवान केले असते तरी या हिशेबात फारसा फरक पडला नसता. फरक पडावयाचा तर विमान रात्री उडवावयास हवे होते.

ते शक्य केले युद्धाने. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन बनावटीची डकोटा विमाने भारतात मोठ्या संख्येने उरली होती. ती स्वस्तात विकली गेली, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात त्यांतली पुष्कळ दुरुस्त झाली, आणि ज्याच्या गाठी थोडे भांडवल होते त्याने विमानकंपनी काढली. युद्धात नागपूरचा सोनेगाव विमानतळ ब्रिटिश वायुदलाचा टप्पा होता. धावपट्टी आयती होती. रात्री उडण्याची सवय असलेले वैमानिकही युद्धाने तयार केले होते. विमाने अधिक, उतारू कमी, अशी कंपन्यांची स्थिती झाली आणि १९५० साली सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष. टपाल खात्यातील जुन्या मंडळींना हे नाव तत्पूर्वीच्या त्यांच्या निवाड्यामुळे आणि पत्रकारांना त्यानंतरच्या वृत्तपत्र आयोगामुळे परिचित असावयाचे.

तोवर टपालाची नवी योजना चालू झालेली होती. दळणवळणमंत्री होते रफी अहमद किडवई. त्यांच्या कारकीर्दीत जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमान-टपालसेवा सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून पहिल्या वर्गाचे टपाल जेथे विमानाने लवकर पोचेल तेथे ते जादा आकार न घेता विमानानेच न्यावे, अशी ‘ऑल-अप’ योजना अमलात आली. या दुसऱ्या निर्णयाचे मोल मला पहिल्याहून अधिक वाटते. विमानाने जाणारे पत्र म्हणजे निळ्या चिठ्ठीचे, जास्त तिकिटांचे, श्रीमंताचे पत्र, ही कल्पना त्याने एका दिवसात निकालात काढली. पेटीत पत्र टाकणाऱ्या बाईला ते आकाशातून जाणार आहे याची वार्ताही नसे, आणि तसे असणे जरूरही नव्हते.

योजना अशी होती. रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार विमानतळांवरून एकेक विमान आपापल्या भागातले टपाल घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास जमत. दिल्लीच्या विमानाने मुंबईच्या, कलकत्त्याच्या आणि मद्रासच्या थैल्या उतरवाव्यात आणि त्या तिन्ही शहरांहून आलेल्या दिल्लीच्या थैल्या उचलाव्यात. इतरांनीही तसेच करावे. अदलाबदल संपली की प्रत्येक विमान आले त्या वाटेने माघारी जाई आणि पहाटे आपल्या घरी पोचे. वाटपाला निघणाऱ्या पोस्टमनच्या थैलीत कालच्या संध्याकाळी हजार मैलांवर पडलेले पत्र असे.

डकोटाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर धरला तर मुंबईचे विमान नागपुरास पावणेतीन तासांच्या आत येते, दिल्लीचे सव्वातीन तासांत, मद्रासचे साडेतीन तासांत आणि कलकत्त्याचे पावणेचार तासांत. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या शहरांत अंतर आहे जेमतेम सव्वा तासाचे. म्हणूनच कोणाला फार वेळ वाट पाहत न बसता चौघांना एका ठिकाणी भेटता आले. चारही शहरे एकाच घड्याळाने चालत होती असे मात्र समजू नये. विमाने आणि टपाल भारतीय प्रमाणवेळेने चालत. पण मुंबई शहराने आपली जुनी मुंबई वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागची, १९५५ पर्यंत उराशी धरली होती. कलकत्त्याने आपली वेगळी वेळ या सेवेच्या आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये सोडली. गिरगावातल्या एखाद्या आजोबांच्या घड्याळाप्रमाणे विमान नेहमीच ‘लवकर’ निघत असणार.

आता खर्चाचे गणित पाहावे. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडीत दोन्ही दिशांनी थेट विमान सोडावयाचे म्हटले तर दर रात्री बारा उड्डाणे आणि एकूण सुमारे साडेसोळा हजार किलोमीटरांचे उड्डाण करावे लागते. नागपुरास जमून परतण्याच्या योजनेत विमाने चार आणि उड्डाण सुमारे ६,८५० किलोमीटरांचे, निम्म्याहूनही कमी. याची किंमत कोणी मोजली? दिल्ली-मुंबईच्या पत्राने. त्याची थेट वाट १,१४० किलोमीटरांची असताना ते सुमारे १,५३७ किलोमीटर हिंडून जाई. मुंबई-मद्रासच्या पत्राला तर याहून मोठा फेरा पडे. पण फेऱ्याचे हे सारे तास मध्यरात्र आणि पहाट यांच्या दरम्यान, म्हणजे पत्र लिहिणारा व वाचणारा दोघेही झोपेत असताना जात. ज्याची कोणी वाट पाहत नाही असा वेळ खर्च करून ज्याची सर्वजण वाट पाहतात असा वेळ वाचवला गेला. पूरक नियम ३० च्या कर्त्याने ही योजना तत्काळ मंजूर केली असती.

आरंभीच्या काही महिन्यांनंतर या सेवेत खंड पडला. १९४९ च्या उत्तरार्धात हिमालयन एव्हिएशन या कंपनीने ती हाती घेतली. पुढे १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली, तिच्याकडे ७४ डकोटा आल्या आणि रात्रीचे टपालही आले. या विमानांतून उतारूही जात. त्यांचे भाडे दिवसाच्या विमानापेक्षा कमी असे आणि मध्यरात्री सोनेगावास उतरून विमान बदलण्याची तयारी असावी लागे.

ती विमाने कशी होती हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही सगळी कथा वेळापत्रकासारखी गुळगुळीत वाटावयाची. डकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने ती फार उंचावरून जाऊ शकत नसे. आषाढातल्या ढगांच्या वर निघून जाणे तिच्या आवाक्याबाहेरचे. तिला ढगांतूनच वाट काढावी लागे, खाली सातपुडा आणि भोवती काळोख. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेली टपालाची डकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळली. विमानातील चौदांपैकी तेरा जण मृत्युमुखी पडले. कामगार चळवळीतले पुढारी आणि संसद-सदस्य हरिहरनाथ शास्त्री हे त्यांपैकी एक. त्यानंतरही सेवा चालू राहिली. सकाळच्या टपालाची सवय झालेल्या आपल्या लोकांना त्या रात्रींची किती आठवण राहिली असेल, कोण जाणे.

माझ्या घरी त्या काळच्या पत्रांची एक चळत आहे. माझे आजोबा, घरात सर्वजण त्यांना नाना म्हणत, त्यावेळी कलकत्त्यास केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीस होते. त्यांच्या मातोश्री थोरल्या बंधूंकडे दादरला राहत. पत्रांवरचे शिक्के पाहण्याचा नाद मला बिले तपासण्याच्या सवयीतून लागला असावा. पुढे दादरचा शिक्का एका तारखेचा, मागे कलकत्त्याचा दुसऱ्या तारखेचा. पत्रामागून पत्र पाहावे तो हाच क्रम. त्यांतले एक अंतर्देशीय पत्र नानांनी वेगळे ठेवले होते. ते १९५५ च्या ऑगस्टातले आहे. आईला बरे नाही, ताप उतरत नाही, काळजीचे कारण नाही पण तुला पाहावेसे म्हणते, असा त्यातला मजकूर. तार केली तर घाबरशील म्हणून पत्र लिहितो, असेही बंधूंनी लिहिले आहे. पत्र सोमवारी दुपारी दादरला पडले, मध्यरात्री नागपूरला थैली बदलून मंगळवारी नानांच्या हाती आले. त्यांनी कचेरीत जाऊन रजा घेतली आणि संध्याकाळी हावड्याहून मुंबई मेल पकडली. रात्रीच्या विमानाचे भाडे सवलतीचे झाले तरी कारकुनाला पेलणारे नव्हते. हावडा ते मुंबई नागपूरमार्गे १,९६८ किलोमीटर, दोन रात्री आणि मधला दिवस. बुधवारी संध्याकाळी त्यांची गाडी नागपूर स्टेशनात उभी होती. आई त्याच दिवशी दुपारी गेली होती. गुरुवारी सकाळी नाना दादरच्या घरी पोचले तेव्हा अंत्यविधी उरकला होता.

नानांना याबद्दल बोलताना मी ऐकले नाही. हे मला वडिलांकडून कळले. पत्र चपळ झाले आणि माणूस आपल्या पगाराच्या वेगाने जात राहिला, अशी स्थिती त्या पिढीतल्या किती घरांत आली असेल! दहा दिवस वार्ता न पोचण्याचे पेशव्यांचे दुःख एक, आणि वार्ता एका रात्रीत पोचूनही आपण न पोचण्याचे हे दुसरे.

पुढे विमाने सुधारली. १९५७ पासून व्हायकाउंट आली, १९६४ पासून कॅरावेल ही जेट विमाने आली. कॅरावेलचा वेग ताशी आठशे किलोमीटरांच्या घरात. दिल्ली-मुंबई दोन तासांत जाता येऊ लागल्यावर सकाळ-संध्याकाळ थेट विमाने सुटू लागली, आणि मध्यरात्री नागपूरला जमण्याचे प्रयोजन हळूहळू कमी झाले. ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा थांबली. त्याच महिन्यात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली, आणि नंतर विमानाचे इंधन काय भावाने मिळू लागले ते सर्वश्रुत आहे. जवळजवळ पंचवीस वर्षे रोज मध्यरात्री जागणारे सोनेगाव झोपी गेले.

याच वर्षी, १७ एप्रिल १९७३ च्या रात्री, अमेरिकेतील मेम्फिस येथे फेडरल एक्सप्रेस या कंपनीची चौदा लहान विमाने पंचवीस शहरांची पुडकी आणून जमली. पुडकी होती १८६. रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी जमावे, माल बदलावा, पहाटेपूर्वी परतावे, अशीच पद्धत. त्या कंपनीचा पुढे जगभर विस्तार झाला आणि व्यापारशास्त्राच्या पुस्तकांत ही योजना मोठ्या प्रतिभेची म्हणून शिकवली जाते. तिच्या चालकांना नागपूरची माहिती होती असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. कोणी नकाशाकडे नीट पाहिले तर त्याला हे स्वतंत्रपणे सुचू शकते. पण आपल्याकडे एका सरकारी खात्याने ते चोवीस वर्षे आधी करून दाखवले आणि त्यावर एखादे जाड पुस्तक लिहावे असे आपल्याला वाटले नाही, याची थोडी खंत वाटते. विमान बंद झाले ते कालमानाप्रमाणे झाले. आठवण का बंद व्हावी?

दिल्ली-मुंबई हवेतला वेळ कॅरावेलच्या दिवसांपासून आजवर फारसा घटलेला नाही. वाढला आहे तो तपासणीच्या रांगेत उभे राहण्याचा आणि विमानतळावरून शहरात पोचण्याचा वेळ. १,१४० किलोमीटर आहेत तेवढेच आहेत.

अलीकडे माझ्याकडे एक बिल आले. दिल्लीहून चेन्नईस गेलेले एक अधिकारी नागपुरास विमान बदलून, तेथे काही तास थांबून पुढे गेले होते. भाडे थेट विमानापेक्षा अधिक होते. नागपूरमार्गे अंतर केवळ दोनतीन किलोमीटरांनी वाढते हे मला, निदान आता, पाठ आहे. परंतु नियमात घड्याळ आहे. मी बिल थेट विमानाच्या भाड्यापुरते मर्यादित करून तशी टीप लिहिली. अधिकाऱ्यांनी काही हरकत घेतली नाही. त्यांच्या मातोश्री नागपुरास असतात, हे मला मागाहून कळले.